मिशनरी ग्लॅडिस एलवर्ड : चित्रपटातली आणि खरी



१९५८ साली अमेरिकेतील ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' नावाचा एक चित्रपट काढला. मिशनरी जीवनावरचे चित्रपट फार थोडे निघाले, आणि त्यांत हा सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेल्यांपैकी एक. इन्ग्रिड बर्गमन ही त्या काळची नामांकित नटी त्यात मिशनरी बाईचे काम करते. डोंगरातून गात येणारी शंभर मुले आणि त्यांच्या पुढे थकून गेलेली ती बाई, हे शेवटचे दृश्य ज्याने पाहिले तो विसरत नाही.

परंतु जिची ही गोष्ट आहे ती ग्लॅडिस एलवर्ड नावाची बाई खरोखरच होऊन गेली. चित्रपट निघाला तेव्हा ती हयात होती, आणि त्या चित्रपटाने तिला आनंद न होता अतोनात दुःख झाले. ते का झाले हे समजण्यासाठी तिचे खरे चरित्र ठाऊक असले पाहिजे. म्हणून या महिन्यात ते आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहो.

पोस्टमनची मुलगी

ग्लॅडिसबाईंचा जन्म २४ फेब्रुवारी १९०२ रोजी उत्तर लंडनमधील एडमंटन या वस्तीत झाला. वडील पोस्टमन होते. घर देवभीरू, पण पैशाची तंगी. शाळेत ग्लॅडिसबाईंचे डोके फारसे चालले नाही. लवकरच शिक्षण सुटले आणि त्या श्रीमंतांच्या घरी दिवाणखान्यातली कामे करणारी मोलकरीण झाल्या. पाहुण्यांना दार उघडणे, चहा नेणे, चांदीची भांडी घासणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. उंची पाच फुटांपेक्षाही कमी, केस काळेभोर. लहानपणी या दोन्ही गोष्टींचे त्यांना वाईट वाटत असे. पुढे चीनमध्ये उतरल्यावर भोवती सगळीकडे बुटकी, काळ्या केसांची माणसे दिसली, तेव्हा आपल्याला असे का घडविले याचा त्यांना उलगडा झाला.

तरुणपणी एका उपासनेत त्यांच्या मनाला प्रभूचा स्पर्श झाला. पुढे चीनमधील कोट्यवधी लोकांनी शुभवर्तमान ऐकलेलेच नाही असा एक लेख त्यांच्या वाचनात आला, आणि आपण तिकडे गेलेच पाहिजे असे त्यांनी घेतले. हडसन टेलर यांनी १८६५ साली स्थापन केलेल्या चायना इनलँड मिशनकडे त्यांनी अर्ज केला. मिशनने त्यांना लंडनच्या शिक्षणकेंद्रात घेतले. तीन महिने झाले, परीक्षा झाल्या, आणि कमिटीने त्यांना नाकारले. शास्त्राभ्यासात प्रगती बेताची, वय सत्ताविशी ओलांडलेले. एवढ्या वयात चिनी भाषा येणे अशक्य, असा कमिटीचा अभिप्राय पडला.

वाचकहो, त्या कमिटीतील माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यापुढे गुणपत्रक होते आणि देणगीदारांच्या पैशाची जबाबदारी होती. त्यांनी जे मोजता येते ते मोजले. या बाईंजवळ जे होते ते मोजण्याचे माप त्यांच्याजवळ नव्हते, आणि खरे म्हणजे तसे माप कोणत्याच कमिटीजवळ नसते.

तिकिटाचे पैसे

मिशनने नाकारल्यावर काही काळ त्यांनी ब्रिस्टल येथे चीनहून परतलेल्या एका वृद्ध मिशनरी दांपत्याची सेवा केली. मग वेल्समधील स्वॉन्सी बंदरात, रात्री रस्त्यावर भटकणाऱ्या मुलींना आसरा देण्याचे काम केले. परंतु चीनचा ध्यास सुटेना. शेवटी त्या लंडनला परतल्या आणि पुन्हा मोलकरीण झाल्या. या वेळी त्यांचे यजमान होते सर फ्रान्सिस यंगहजबंड. हे नाव आमच्या इंदूरच्या वाचकांना परके वाटू नये. १९०३ साली तिबेटच्या मोहिमेवर जाण्यापूर्वी हेच गृहस्थ इंदूर येथे रेसिडेंट होते. त्यांच्या घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता, आणि या नव्या मोलकरणीला ती वाचण्याची मोकळीक होती.

पहिल्याच दिवशी आपल्या खोलीत बसून त्यांनी बायबल, रोजच्या मननाचे पुस्तक आणि जवळची चार नाणी बिछान्यावर मांडली आणि प्रार्थना केली की, देवा, हे माझे बायबल, हे माझे पैसे आणि ही मी. आता तू मला ने. त्या दिवसांत त्या नहेम्याचे पुस्तक वाचीत होत्या. नहेम्याही दुसऱ्याच्या घरचा चाकरच, राजाला प्याला देणारा. तरी देवाने त्याला यरुशलेमेचा तट बांधायला पाठविले. मग मोलकरणीला तो का पाठविणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

जहाजाचे भाडे ९० पौंड होते. रशियातून सैबेरियामार्गे आगगाडीने गेल्यास ४७ पौंड १० शिलिंग पडत. मांचुरियात चकमकी चालू असल्याने त्या मार्गाने जाऊ नये असे तिकीटघरच्या कारकुनाने बजावले. पण दुसरा मार्ग परवडण्यासारखा नव्हता. बाईंनी तीन पौंड अनामत ठेवले आणि उरलेले पगारातून हप्त्याहप्त्याने भरू लागल्या. सुटीच्या दिवशीही दुसऱ्यांच्या घरी वाढपाची कामे धरली. याच सुमारास एका सभेत त्यांच्या कानी आले की, चीनमध्ये जीनी लॉसन नावाच्या ७३ वर्षांच्या स्कॉटिश मिशनरी विधवाबाई आहेत आणि हाताखाली कोणी तरुण बाई मिळावी म्हणून त्या प्रार्थना करीत आहेत. ग्लॅडिसबाईंनी पत्र घातले. उत्तर आले की, पोहोचू शकत असाल तर या.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून त्या निघाल्या. बरोबर एक पेटी, अंथरूण, खाण्याचे डबे, एक किटली, एक तवा आणि छोटा स्पिरिटचा स्टोव्ह. मागे कोणतेही मिशन नाही, पगाराचे वचन नाही, आजारी पडल्यास पैसे पाठविणारे कोणी नाही.

कारकुनाने सांगितले होते तसेच झाले. सैबेरियाच्या टोकाला गाडी लढाईच्या तोंडाशी जाऊन थांबली, आणि मागे चिता स्टेशनपर्यंत त्यांना बर्फातून रुळावरून पायी चालत यावे लागले. रशियन अधिकाऱ्यांनी पासपोर्टातील मिशनरी हा शब्द यंत्रकामगार असा लावला. कारखान्यात कामगारांची गरज होती, म्हणून त्यांना देशातच ठेवून घेण्याचा घाट घातला गेला. व्लादिव्होस्टॉक बंदरातून एका जपानी बोटीने त्या कशाबशा निसटल्या. तेथून जपानातील कोबे, मग चीनचे तिएन्त्सिन बंदर, पुढे आगगाडी, मोटार आणि अखेरचा डोंगराळ रस्ता खेचराच्या पाठीवर. अशा रीतीने त्या शान्सी प्रांतातील यांगचेंग या तटबंदीच्या गावी पोहोचल्या.

आठ सुखांची सराई

यांगचेंग हे खेचरांच्या तांड्यांच्या वाटेवरचे गाव. कोळसा, कापूस, लोखंडी सामान लादून तांडे येत आणि रात्री मुक्काम करीत. गावकऱ्यांना परदेशी बायका म्हणजे भुते वाटत. जीनीबाई रस्त्यावर दिसल्या की लोक चिखलाचे गोळे फेकीत. अशा लोकांना प्रवचन ऐकायला बोलावणार कसे? तेव्हा दोघींनी पडीक घर दुरुस्त करून खेचरवाल्यांसाठी सराई उघडली. स्वच्छ जागा, गरम जेवण, विटांच्या तापत्या ओट्यावर झोपण्याची सोय, आणि रात्री फुकट गोष्टी.

पहिले गिऱ्हाईक मात्र आपण होऊन आले नाही. तांडा दारावरून जाऊ लागला की पुढच्या खेचराचा लगाम धरून त्याला अंगणात ओढायचे, हे काम ग्लॅडिसबाईंकडे होते. पुढचे खेचर आत शिरले की मागची दोराने बांधलेली सगळी मुकाट्याने आत येत. खेचरवाले आधी घाबरले, मग रमले. येशूच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या आणि पुढच्या मुक्कामी इतरांना सांगितल्या. कमिटीला जी भाषा अशक्य वाटली होती ती बाई या अंगणातच शिकल्या. पुस्तकापेक्षा कानाने शिकल्या, आणि शान्सीच्या खेडुतांसारखी अस्सल बोलू लागल्या.

सराईचे नाव होते आठ सुखांची सराई. चिनी बायबल वाचणाऱ्यांच्या तोंडी हाच शब्द मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील आठ धन्यतांसाठी आहे. चित्रपटाने आठाचे सहा केले आणि तो अर्थ हरवला.

या दोघींचे स्वभाव अगदी निराळे. जीनीबाई तापट आणि हट्टी होत्या. एकदा एवढे बिनसले की ग्लॅडिसबाईंना घराबाहेर व्हावे लागले. पण लवकरच जीनीबाई माडीवरून पडून जबर जखमी झाल्याचे कळले. ग्लॅडिसबाई धावत आल्या आणि शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. जीनीबाईंच्या मरणानंतर सराई, स्वयंपाकी यांग आणि कर्ज हे सगळे एकट्या ग्लॅडिसबाईंच्या गळ्यात पडले.

मँडरिनची नोकरी आणि तुरुंगाचे दार

अशा वेळी मदत आली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. यांगचेंगचा मँडरिन म्हणजे आपल्याकडच्या मामलेदाराहून मोठा, न्यायनिवाडाही करणारा अधिकारी. चीनच्या सरकारने मुलींचे पाय बांधण्याच्या चालीला बंदी केली होती. लहानपणीच पायाची बोटे खाली दुमडून घट्ट पट्ट्या बांधीत, की पाय वाढू नये आणि मुलगी डौलदार दिसावी. त्यात त्या मुली जन्माच्या पांगळ्या होत. कायदा झाला, पण घराघरांत जाऊन तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण? पुरुषाला बायकांत जाता येत नाही, आणि गावातल्या बायका स्वतःच बांधलेल्या पायांच्या, त्यांना डोंगर चढवेना. मोकळ्या पायांची बाई त्या मुलखात एकच होती.

मँडरिनने पाय-तपासनिसाची नोकरी देऊ केली. बरोबर खेचर आणि दोन शिपाई. बाईंनी एकच अट घातली की, जिथे जाईन तिथे येशूविषयी बोलेन. ती मान्य झाली. अशा रीतीने ज्या दुर्गम वस्त्यांत वर्षानुवर्षे मिशनरी पोहोचू शकला नसता, तिथे त्या सरकारी हुकूम हातात घेऊन पोहोचल्या. संध्याकाळी त्या मुलींच्या पायांच्या पट्ट्या सोडीत आणि त्यांच्या आयांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगत. त्या फेऱ्यांतून डोंगरात ठिकठिकाणी लहान मंडळ्या उभ्या राहिल्या.

एके दिवशी तुरुंगात दंगल झाली. एक कैदी कुऱ्हाड घेऊन बाकीच्यांवर धावत होता, माणसे मरून पडली होती, आणि शिपायांची आत जाण्याची छाती नव्हती. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने बाईंना बोलावून सांगितले की, तुमचा देव तुमच्या अंतर्यामी राहतो असे तुम्ही सांगता, मग तुम्हाला कोण मारणार? तुम्हीच आत जा. या प्रश्नातून सुटका नव्हती. गेल्या नसत्या तर सांगितलेले सगळे शुभवर्तमान खोटे ठरले असते. भीतीने पाय लटपटत असता त्या आत गेल्या, कुऱ्हाड मागितली, आणि त्या माणसाने ती दिली.

पण आम्हाला या प्रसंगाहून पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. दंगल का झाली हे त्यांनी कैद्यांनाच विचारले. उपासमार आणि रिकामपण हे कारण निघाले. त्यांनी अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे ऐकविले की, या माणसांना काम द्या. मग हातमाग आले, कैदी विणू लागले, धान्य पिकवू लागले. याच वेळी लोकांनी बाईंना आय-वे-दे म्हणजे सद्गुणी बाई हे नाव दिले. पुढे आयुष्यभर त्या याच नावाने ओळखल्या गेल्या.

नऊ पेनीची मुलगी

फेरीवर असताना रस्त्याच्या कडेला एक बाई आजारी, कुपोषित मुलगी विकायला बसलेली त्यांना दिसली. मुलांची विक्री थांबवा असे सांगायला त्या मँडरिनकडे गेल्या. मँडरिनचा सल्ला असा पडला की, त्या वाटेने जाऊच नका. ग्लॅडिसबाई परत फिरल्या आणि खिशात होते ते देऊन मुलगी घेऊन आल्या. ते पैसे इंग्रजी चलनात नऊ पेनी भरत, म्हणून तिचे लाडके नाव 'नाइनपेन्स' पडले. खरे नाव मेई-एन, म्हणजे सुंदर कृपा. काही दिवसांनी त्या मुलीने दारातला एक अनाथ मुलगा दाखविला आणि म्हटले की, मी थोडे कमी जेवते, त्याला घरात घेऊ. आईही थोडे कमी जेवायला तयार झाली. त्या मुलाचे नाव 'लेस' म्हणजे 'कमी' असेच पडले. अशी एकेक करून मुले वाढत गेली.

१९३६ साली ग्लॅडिसबाईंनी ब्रिटिश नागरिकत्व सोडून चिनी नागरिकत्व घेतले. अनेक मिशनरी त्या देशात पाहुण्यासारखे राहिले; संकट आले की त्यांना आपला वकील आणि आपले जहाज असे. यांनी तो परतीचा दोर आपण होऊन कापला.

युद्ध

१९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. १९३८ च्या वसंत ऋतूत यांगचेंगवर विमानांनी बाँब टाकले. त्या वेळी सराईत प्रार्थना चालू होती. इमारतीचा एक भाग कोसळून त्या ढिगाऱ्याखाली सापडल्या. बाहेर निघाल्या त्या जखमींना मलमपट्टी करण्यासाठीच. त्यानंतर गाव कधी जपान्यांकडे तर कधी चिन्यांकडे, असे हात बदलत राहिले. मृतांना मूठमाती, जखमींची सेवा आणि वाढत जाणारी अनाथ मुले यांत त्यांचे दिवस जाऊ लागले.

एक गोष्ट येथे झाकून ठेवणे योग्य नाही. डोंगरातून फिरताना जपानी फौज कुठे आहे हे त्यांच्या दृष्टीस पडे, आणि ही माहिती त्यांनी चिनी सैन्याला दिली. मिशनरींचे सर्वसाधारण धोरण युद्धात तटस्थ राहण्याचे होते. ग्लॅडिसबाईंचे म्हणणे असे की, मी चिनी नागरिक आहे, हा माझा देश आहे. आपल्यातील काहींना हे पटेल, काहींना पटणार नाही. परंतु त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली. जपान्यांनी त्यांना पकडून देणाऱ्यास १०० डॉलर बक्षीस जाहीर केले. आपले नाव असलेली जाहिरात पाहून त्या त्सेचौ गावातून पळाल्या तेव्हा मागून गोळ्या सुटल्या आणि एक गोळी पाठीला चाटून गेली. त्यापूर्वी जपानी शिपायांच्या मारहाणीने त्यांच्या अंगात दुखणे शिरले होतेच.

शंभर मुले

१९४० साली यांगचेंगला सुमारे शंभर अनाथ मुले जमली होती. शिआन शहरी मादाम चँग कै-शेक यांच्या अनाथ-निधीतून मुलांची सोय होत होती. पण वाटेत डोंगररांगा आणि पिवळी नदी, म्हणजे ह्वांगहो. मोठा रस्ता जपान्यांच्या नजरेखाली, तेव्हा आडवाटेनेच जावे लागणार. मँडरिनने दोन पोती राळे आणि ती वाहून नेण्यासाठी काही अंतरापर्यंत दोन माणसे दिली. तोवर हा मँडरिनही ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा झाला होता.

चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले. मोठ्यांनी लहानांना पाठीवर घ्यायचे, दोराने एकमेकांना बांधून कडे उतरायचे. कधी एखाद्या देवळात मुक्काम, कधी उघड्यावर. कापडी जोडे फाटले, पाय रक्तबंबाळ झाले, राळे संपले. वाटेत चिनी सैनिकांनी आपल्या शिध्यातले काही दिले तेवढाच आधार. मुले रडू लागली की बाई गीते सुरू करीत. बाराव्या दिवशी नदी दिसली, तेव्हा आता सुटलो असे सर्वांना वाटले.

पण काठ ओसाड होता. गावकरी पळालेले, आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सगळ्या होड्या पलीकडे नेलेल्या. चार दिवस मुले उपाशीतापाशी नदीकाठी बसून राहिली. ग्लॅडिसबाईंचे अंग तापाने फणफणत होते. तेव्हा सुआलान नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने त्यांना विचारले की, मोशेने इस्राएल लोकांना तांबड्या समुद्रातून पार नेले ते तुम्ही खरे मानता ना? बाई उत्तरल्या की, मी काही मोशे नाही. मुलीने म्हटले की, तुम्ही मोशे नसाल, पण देव तर देवच आहे ना. शंभर मुलांना विश्वास शिकविणारी बाई त्या दिवशी एका मुलीकडून तो पुन्हा शिकली. त्यांनी प्रार्थना केली आणि मुले गाऊ लागली. ते गाणे गस्तीवरच्या एका चिनी अधिकाऱ्याच्या कानी पडले. तो पाहायला आला, आणि त्याने पलीकडून होडी मागविली. होडीच्या तीन फेऱ्यांत सगळी मुले पार झाली.

पुढे आगगाडी मिळाली, पण पूल उडविल्यामुळे मध्येच पुन्हा एक डोंगर चढावा लागला, आणि मग कोळशाच्या वाघिणींतून प्रवास झाला. शिआनला पोहोचले तर निर्वासितांची गर्दी झाल्याने वेशी बंद. अखेर फूफेंग या गावी मुलांना आसरा मिळाला. एकही मूल वाटेत गमावले नाही. मुले सुखरूप झाल्यावर बाई कोसळल्या. टायफस, न्यूमोनिया आणि महिनाभराची उपासमार यांनी त्या बेशुद्ध होत्या. शिआनच्या रुग्णालयात जीव वाचला, पण प्रकृती पूर्वीसारखी कधीच झाली नाही.

पुढची वर्षे

चित्रपट येथे संपतो. बाईंचे आयुष्य पुढे तीस वर्षे चालले. थोडी ताकद येताच त्यांनी निर्वासितांत काम धरले. चेंगदू शहरात त्या चिनी मंडळीच्या बायबलबाई झाल्या. आमच्या वाचकांना बायबलबाई म्हणजे काय हे सांगायला नको. मडमांच्या हाताखाली, थोड्या पगारावर, दारोदार जाऊन वचन सांगणाऱ्या आपल्याच आज्या-पणज्या. येथे उलटे घडले. एक इंग्रज बाई चिनी पाळकांच्या हाताखाली ते काम करू लागली. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत आणि तुरुंगातही त्यांनी सेवा केली.

१९४९ साली, सतरा वर्षांनी, त्या इंग्लंडला आल्या. ॲलन बर्जेस नावाचे गृहस्थ बीबीसी रेडिओसाठी युद्धकाळातील शौर्यकथा शोधीत होते. ते बाईंकडे गेले तेव्हा बाईंनी आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही असे कळविले. बोलता बोलता काही मुलांना डोंगरापलीकडे नेल्याचा उल्लेख निघाला आणि बर्जेस चकित झाले. त्यातून १९५७ साली 'द स्मॉल वुमन' हे चरित्र आणि पुढे चित्रपट निघाला.

चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्याने बाईंना आपल्या मुलखात परतता येईना. १९५७ साली त्या हाँगकाँगमार्गे तैवानला गेल्या आणि तैपेई येथे पुन्हा अनाथ मुले गोळा केली. ३ जानेवारी १९७० रोजी तेथेच त्या प्रभूमध्ये निजल्या. ताम्सुईच्या बाजूला एका ख्रिस्ती कॉलेजच्या टेकडीवर, चीनच्या भूमीकडे तोंड करून त्यांची कबर आहे. एडमंटनमधील एका शाळेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ज्या मुलीचे शाळेत डोके चालत नव्हते, तिचेच हे नाव.

चित्रपटाने काय केले

आता चित्रपटाकडे वळू. दिग्दर्शक मार्क रॉबसन. चित्रण चीनमध्ये नव्हे, वेल्सच्या स्नोडोनिया डोंगरात झाले, आणि मुले बहुतांशी लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतली होती. मँडरिनचे काम रॉबर्ट डोनाट यांनी मरणासन्न अवस्थेत केले आणि चित्रपट झळकण्यापूर्वीच ते वारले. चित्रपट मनापासून केलेला आहे यात शंका नाही, आणि तो पाहून पुष्कळांचे मन मिशनकार्याकडे वळले असेल.

परंतु ग्लॅडिसबाईंच्या दृष्टीने त्यात तीन मोठे घाव होते. पहिला, बुटकी, काळ्या केसांची लंडनची मोलकरीण जाऊन तिच्या जागी उंच, गोरी, रूपवान स्वीडिश नटी आली. दुसरा, चीनला पोहोचण्याची सारी यातायात चार दृश्यांत आटोपली. तिसरा घाव सर्वांत खोल. लीनान नावाचा चिनी सैन्यातील अधिकारी त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्यात स्नेह होता आणि लग्नाचा विचारही झाला होता असे चरित्रात आहे. युद्धाच्या धामधुमीत ते तसेच राहिले. चित्रपटाने त्याला अर्धा युरोपियन केले, प्रेमदृश्ये घातली, आणि शेवटी नायिका मुलांना सोपवून त्याच्याकडे परत निघते असे दाखविले. ज्या बाईने आयुष्यात अशी वागणूक कधी केली नाही, जिने मुलांना कधी सोडले नाही, तिला आपले नाव मलिन झाले असे वाटले. ही जखम शेवटपर्यंत भरली नाही.

काही म्हणतील, एवढे कशाला मनाला लावून घ्यायचे? आम्हाला तसे वाटत नाही. मिशनरी बाईजवळ पैसा नसतो, अधिकार नसतो. तिची साक्ष हेच तिचे धन. दुसऱ्याने ती साक्ष गोड करण्यासाठी बदलली तर त्याने तिचे धनच खर्च केले. हे आपल्यालाही लागू आहे. मंडळीतील वडिलांच्या, पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या कथा सांगताना आपणही कधी चमत्कार वाढवितो, कधी भांडणे गाळतो. खऱ्या ग्लॅडिसबाई जीनीबाईंशी भांडल्या, तुरुंगाच्या दारात घाबरल्या, नदीकाठी खचल्या. तेवढे गाळले तर देवाने काय केले हे दिसायचे राहून जाते.

आणखी एक फरक आहे. चित्रपटात त्यांना पूर्वी नाकारणारे मिशनचे गृहस्थ अखेरीस शिआनमध्ये भेटतात आणि मुलांचे स्वागत करतात, म्हणजे सगळ्यांसमक्ष हिशेब चुकता होतो. खऱ्या आयुष्यात शिआनच्या बंद वेशीपाशी असा कोणी उभा नव्हता. तेथे होती ती तापाने फणफणलेली एक बाई आणि तिची भुकेली मुले. मान्यता मिळेल म्हणून त्या चालल्याच नव्हत्या.

वाचकहो, आपल्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई, आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसणारी, शाळा सुटलेली मुलगी, यांच्यापैकी कोणाला प्रभूने बोलावले आहे हे आपल्याला दिसत नाही. पाळकांनी, वडीलमंडळींनी आणि महिला मंडळाने अशांचा अर्ज पुढे आला तर गुणपत्रक जरूर पाहावे. पण तेवढ्यावर न थांबता त्या व्यक्तीबरोबर बसून प्रार्थना करावी आणि तिला काही काम देऊन पाहावे. आणि ज्यांना आजवर नाकारले गेले आहे त्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे की, ग्लॅडिसबाईंनी नाकारणाऱ्यांवर राग धरण्यात वर्षे घालविली नाहीत. त्यांनी तीन पौंड अनामत ठेवले आणि हप्ते भरायला सुरुवात केली.